दगडांच्या शंका : काळ्या कातळातल्या पांढऱ्या पट्ट्या

गेल्या अंकात सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांवर लिहिताना मोठ्या स्फटिकांच्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या काळ्या दगडाचा, मी ओझरता उल्लेख केला होता. या महिन्याची टपाल पिशवी त्यानेच भरली. बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून क्रम माझ्या सोयीने लावला आहे. लांबलेली पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : यंदा विहीर आणखी खोल घेतली. सुरुंगाच्या दगडात काळ्याभोर फत्तरात बोटाच्या पेराएवढ्या पांढरट पट्ट्या निघाल्या. कुणी गारगोटी म्हणतं, कुणी म्हणतं जुन्या जनावराची हाडं. एकजण ढीगभर दगड विकत मागतो आहे. हे नक्की काय आणि त्याला किंमत आहे का?
(एक शेतकरी, मंचर, जि. पुणे)

हाड नाही, गारगोटीही नाही. आणि विकत मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आधी हाडाचं. हा दगड म्हणजे हजार-अकराशे अंश तापलेला रस होता. त्यात हाड टिकत नाही. दख्खनच्या पठारावर जीवाश्म सापडतात, पण ते दोन लाव्हांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळाच्या थरांत. एकसंध काळ्या कातळाच्या पोटात नाहीत.

गारगोटी ओळखायची ती जागेवरून. लाव्हा गोठताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, मागाहून त्या पोकळ्यांतून पाणी झिरपतं आणि गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट असं काहीबाही भरतं. असा गोल-लांबट, कडेकडेने भरत गेलेला डाग दिसला तर ती पोकळी भरलेली आहे. तुमच्या मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांच्या, थरात असे डाग पुष्कळ सापडतील. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत कडा सरळ आहेत, टोकं कोनात कापलेली आहेत आणि काळा दगड त्या पट्ट्यांना चहूबाजूंनी घट्ट धरून आहे. म्हणजे पोकळी कधी नव्हतीच. स्फटिक आधी तयार होता, काळा दगड त्याच्याभोवती नंतर गोठला.

खात्री हवी तर ताजा फुटलेला तुकडा उन्हात धरून हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात अख्खी पट्टी एकदम लखलखते आणि लगेच विझते. हे खनिज ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटतं, म्हणून. गारगोटी तशी फुटत नाही, तिचा तुकडा वेडावाकडा निघतो. मग साधा खिशातला चाकू ओढून पाहा. कॅल्साइटवर ओरखडा सहज उठतो. या पट्टीवर उठणार नाही, उलट चाकूचंच पोलाद घासलं जाईल.

खनिजाचं नाव प्लॅजिओक्लेज, फेल्डस्पार कुळातलं. प्रत्येक बेसॉल्टमध्ये ते असतंच, पण एरवी डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. तुमच्याकडे ते दोन-तीन सेंटिमीटर झालेलं आहे. अशा दगडाला भूशास्त्रज्ञ ‘जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट’ म्हणतात, बोलताना नुसतं जीपीबी. १९८० च्या दशकात पश्चिम घाटातल्या लाव्हांची पद्धतशीर मांडणी झाली, तेव्हा हे थर लांबूनही ओळखू येतात म्हणून थरांच्या गटांची हद्द दाखवायला वापरले गेले. त्यांना ठिकाणांची नावं मिळाली : कशेळे, थळघाट, मंचर, गिरवली. एकाला तर रेल्वेच्या बोगद्यावरून ‘टनेल फाइव्ह’ म्हणतात. तेव्हा ‘मंचर जीपीबी’ हा शब्द जगभरच्या शोधनिबंधांत आहे आणि तुमच्या विहिरीचा दगड बहुधा त्याच घराण्यातला आहे. नक्की सांगायला थरांची उंची मोजावी लागेल.

किंमत म्हणाल तर खडीची. दागिन्यात बसवण्याजोगं त्यात काही नाही. मात्र दोन-चार चांगले तुकडे शाळेला द्या.

प्रश्न : मॅडम, लाव्हा जमिनीवर सावकाश थंड झाला तर हे स्फटिक तिथेच वाढले असं का म्हणू नये? ते खोलवर, शिलारसाच्या (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाच्या) साठ्यातच वाढले हे कशावरून? आणि वाढायला किती काळ लागला हे कसं काढतात?
(बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, संगमनेर)

चांगला प्रश्न आहे. परीक्षेत कुणी विचारत नाही म्हणून उत्तरही कुणी लिहीत नाही.

दगडात दोन मापांचे दाणे आहेत, हे आधी बघ. मोठ्या पट्ट्या दोन-तीन सेंटिमीटरच्या आणि त्यांच्या मधलं काळं द्रव्य भिंगातूनही धड न दिसणारं. मधलं माप जवळजवळ गायब. सगळं एकाच ठिकाणी, एकाच गतीने थंड झालं असतं तर मापं लहानापासून मोठ्यापर्यंत सलग सापडली असती. इथे थंड होण्याचे दोन टप्पे सरळ दिसतात : एक लांबलेला, एक घाईचा. शिवाय थराच्या तळाशी, जिथे लाव्हा जमिनीला टेकून लगेच गोठला, तिथेही मोठे स्फटिक पूर्ण वाढलेले असतात. गोठायला वेळच नव्हता तिथे ते वाढणार कधी? काही ठिकाणी पट्ट्या एकाच दिशेला आडव्या झालेल्या दिसतात. वाहत्या रसाने त्यांना तसं झोपवलं, म्हणजे वाहण्याआधी ते होतेच.

आता काळ. १९६५ मध्ये हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीवर मकाओपुही नावाच्या विवरात लाव्हाचं तळं साचलं. वर साय धरल्यावर शास्त्रज्ञ त्यावर यंत्र घेऊन गेले, भोकं पाडली, आतलं तापमान मोजलं आणि वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढले. कोणता नमुना किती दिवस गोठत होता हे ठाऊक असल्यामुळे त्यातले प्लॅजिओक्लेज किती गतीने वाढले हे हिशेबाने काढता आलं. कॅथरीन कॅशमन आणि ब्रूस मार्श यांनी १९८८ मध्ये ते मांडलं. त्यांची युक्ती रसायन कारखान्यांतून आलेली आहे. तिथे द्रावणातून स्फटिक काढताना किती लहान आणि किती मोठे दाणे निघतात, यावरून टाकीतली वाढ तपासतात. दगडातही तेच करायचं : कापलेल्या सपाट पृष्ठभागावरचा एकेक स्फटिक मोजायचा, प्रत्येक मापाचे किती आहेत याचा आलेख काढायचा. उताराची रेघ मिळते. वाढीची गती माहीत असेल तर त्या उतारावरून काळ निघतो.

गती इतकी मंद आहे की आकडा वाचताना हसू येतं. खोलवरच्या साठ्यासाठी सेकंदाला एका मिलिमीटरचा एक अब्जांश, त्याचाही दहावा भाग, असा अंदाज धरतात. भागाकार करून बघ : एका मिलिमीटरला ३०० हून थोडी जास्त वर्षं. मायकेल हिगिन्स आणि मुंबईच्या आयआयटीतले डी. चंद्रशेखरम यांनी २००७ मध्ये दख्खनच्या जीपीबींवर हीच मोजणी केली. सरासरी स्फटिकासाठी उत्तर आलं ते काही शतकांपासून हजार-दीड हजार वर्षांपर्यंतचं.

इथे एक खाच आहे. गती दहापट धरलीस तर काळ दहापट कमी येतो. मोजणी कितीही काटेकोर असली तरी गती ही धरून चाललेली गोष्ट आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचे की आकडा पाठ करू नका, आकड्याचं घर लक्षात ठेवा : शतकं ते हजार-दीड हजार. काही दिवस नाही आणि लाखो वर्षंही नाहीत. ‘एवढा मोठा स्फटिक म्हणजे लाखो वर्षांची तपश्चर्या’ असं सहलीत गाइडच्या तोंडून ऐकलंस तर मान डोलवू नकोस.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, आकड्यांवर विश्वास आहे पण पुराव्याशिवाय नाही. एका खड्याच्या तुकड्यावरून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली काय घडलं हे सांगणं जरा जास्तच नाही का? तुम्ही लोक नेमकं बघता काय?
(एक वाचक, ठाणे)

संशय रास्त आहे. कसं बघतो ते सगळं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आधी दगडाचा काप करायचा. हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने चकती कापतात, एक बाजू गुळगुळीत करून काचपट्टीवर चिकटवतात आणि दुसऱ्या बाजूने कार्बोरंडमच्या पुडीवर पाणी टाकत घासत जातात, जाडी ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. तेवढ्या जाडीला काळाकुट्ट बेसॉल्टही प्रकाश आरपार सोडतो. आमच्या महाविद्यालयात हे काम प्रयोगशाळेतले एक मामा करायचे. मापयंत्र त्यांनी कधी हातात धरलं नाही. काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा, प्लॅजिओक्लेज पिवळसर दिसला की म्हणायचे, “अजून जाड आहे, चार हात मारतो.” राखाडी-पांढरा दिसला की काप झाला. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात या खनिजाचा रंग जाडीवर ठरतो, त्यामुळे मामांचा डोळा हे पूर्णपणे शास्त्रशुद्ध माप होतं.

आता तो काप दोन आडव्या-उभ्या पोलरॉइडच्या (असा प्रकाश गाळून देणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये ठेवून बघा. स्फटिकात काळ्या आणि पांढऱ्या समांतर पट्ट्या उभ्या राहतात. खालची तबकडी फिरवली की काळ्या त्या पांढऱ्या आणि पांढऱ्या त्या काळ्या होतात. हा जुळ्या स्फटिकांचा खेळ. त्यावरून प्लॅजिओक्लेज ओळखतात. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आहे. काही स्फटिक फिरवताना एकदम काळे होत नाहीत. आधी गाभा काळा होतो, मग सावली एकेक कडं ओलांडत बाहेर सरकते. याचा अर्थ गाभ्याचं रासायनिक घटकद्रव्य वेगळं, कडेचं वेगळं, आणि मधे पायऱ्या आहेत.

हे का होतं ते १९१३ मध्ये नॉर्मन बोवेन यांनी वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत भट्टी लावून दाखवलं. प्लॅजिओक्लेज हे दोन खनिजांचं मिश्रण आहे. एका टोकाला कॅल्शियमवालं, ते वितळतं १५५० अंश सेल्सिअसच्या आसपास. दुसऱ्या टोकाला सोडियमवालं, ते ११०० अंशांच्या आसपास. रस थंड होऊ लागला की आधी कॅल्शियमने भरलेला स्फटिक तयार होतो आणि तापमान उतरत जाईल तसा बाहेरचा थर सोडियमकडे झुकत जातो. दगडात इतर द्रव्यं असल्याने प्रत्यक्ष तापमानं बरीच कमी असतात, पण क्रम हाच. आतला थर नव्याने बदलायचा तर अणूंना घट्ट जाळीतून सरकावं लागतं, ते इतकं सावकाश होतं की गाभा जवळपास जसा होता तसा राहतो. म्हणून कोट्यवधी वर्षांनंतरही वाचता येतो.

आता पुराव्याकडे. समजा गाभ्यापासून बाहेर सोडियम वाढत चाललंय, आणि मधेच एका कड्याशी कोपरे झिजून गोल झालेले आहेत. त्या गोल कडेवर पुन्हा सरळ रेषांचा नवा थर बसलाय, आणि त्या थरात कॅल्शियम एकदम वर गेलंय. स्फटिक वाढत होता, मग अर्धवट विरघळला, मग पुन्हा वाढला. साठ्यात खालून नवा, जास्त तापलेला रस आला असा अर्थ लावायचा मोह होतो.

तुमच्यासारखा माणूस इथे हात वर करेल, आणि करावाच. रसातलं पाणी कमी-जास्त झालं किंवा रस वर चढताना दाब उतरला, तरी कॅल्शियमचं प्रमाण बदलतं. नवा रस आलाच असं नाही. मग निर्णय कसा करायचा?

त्यासाठी स्ट्रॉन्शियम. हे मूलद्रव्य कॅल्शियमच्या जागी प्लॅजिओक्लेजमध्ये सहज बसतं. त्याचे दोन अणुप्रकार आपल्या कामाचे : ८६ आणि ८७. यातला ८७ हा किरणोत्सारी रुबिडियमपासून बनतो, आणि ते बनणं भयंकर मंद आहे. निम्मा रुबिडियम संपायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात. खंडांच्या जुन्या खडकांत रुबिडियम भरपूर आणि वयही प्रचंड, त्यामुळे तिथे ८७ चं प्रमाण चढलेलं. खोल प्रावरणातून आलेल्या रसात ते कमी. आंबेनळी घाटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाव्हांमध्ये ८७ चं ८६ शी गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास आहे, तर ‘बुशे’ गटाच्या लाव्हांत ०.७१३ च्याही वर जातं. आकड्यांतला फरक जेमतेम ०.०१ च्या घरातला, पण आमच्या धंद्यात हा फार मोठा फरक आहे : बुशेच्या रसाने वर येताना जुनं खंडीय कवच पचवलं, आंबेनळीच्या रसाने जवळजवळ नाही.

आता खरी मेख. पाणी बदलो, दाब बदलो, तापमान बदलो, या गुणोत्तराला ढिम्म फरक पडत नाही. आणि प्लॅजिओक्लेजमध्ये रुबिडियम नगण्य असल्याने नंतरही त्यात नवा ८७ तयार होत नाही. म्हणून एकाच स्फटिकाच्या गाभ्यात एक गुणोत्तर आणि कडेला दुसरं सापडलं, तर स्फटिक वाढत असताना त्याच्याभोवतीचा रसच बदलला, याशिवाय दुसरा अर्थ लागत नाही. बारीक ड्रिलने किंवा लेसरने स्फटिकाच्या एकेका कड्यातली पूड काढून हे मोजतात. २०१४ मध्ये दख्खनच्या जीपीबींवर हे काम प्रसिद्ध झालं. त्या स्फटिकांमध्ये गाभ्यापासून कडेपर्यंत हे गुणोत्तर बदलतं. साठा बंद करून ठेवलेला नव्हता. त्यात भर पडत होती, कवच विरघळत होतं.

आणखी एक पडताळा, आणि मला व्यक्तिशः हाच सगळ्यात आवडतो. नव्या थराची आणि जुन्या गाभ्याची हद्द सुरुवातीला तीक्ष्ण असते. रस तापलेला असेपर्यंत मॅग्नेशियमसारखे चपळ अणू ती हद्द ओलांडून सरकत राहतात, हद्द पुसट होत जाते. लाव्हा बाहेर पडून गोठला की सरकणं थांबतं. म्हणजे हद्द किती पुसट झाली हे मोजलं की शेवटचा थर बसल्यापासून उद्रेकापर्यंत किती काळ गेला ते कळतं. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब लागतो. रेमों कास्तँ यांनी १९५१ च्या आपल्या पॅरिसच्या प्रबंधात तो मांडला. एक-दोन मायक्रॉनच्या ठिपक्यावर इलेक्ट्रॉन मारून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून तिथली मूलद्रव्यं मोजायची. वाढीच्या गतीवरून काढलेला काळ आणि या पुसटपणावरून काढलेला काळ ही दोन स्वतंत्र घड्याळं. जुळली तर बरं. जुळली नाहीत तर स्फटिक दोन वेगळ्या जागी वाढलेला असू शकतो.

तुमचा मूळ आक्षेप मात्र अर्धा मान्य. एका स्फटिकावरून साठ्याचा इतिहास सांगू नये. एका काचपट्टीवर शेजारी बसलेले दोन स्फटिक दोन वेगळ्या कहाण्या सांगतात, कारण उद्रेकाने त्यांना शेवटच्या क्षणी एकत्र आणलेलं असतं. एकच खातं बघून बँकेचा ताळेबंद तुम्हीही लिहिला नसता. अनेक स्फटिक, अनेक काप, आणि मग त्यात समान काय ते शोधायचं. ज्या लेखात एकाच देखण्या स्फटिकाचं छायाचित्र आणि त्यावर पानभर निष्कर्ष असतात, तो मी दुसऱ्यांदा वाचत नाही.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात ज्वालामुखीखाली लाल रंगाचा मोठा फुगा दाखवतात. सह्याद्रीखालीही असा होता का? तो आता कुठे गेला? मुलं विचारतात, कोयनेचे भूकंप आणि गरम पाण्याचे झरे त्यामुळेच का?
(एक शिक्षिका, सातारा)

त्या फुग्याने पिढ्यांचं नुकसान केलंय. तो रंगवणाऱ्याचा दोष नाही. पन्नास वर्षांपूर्वी आम्हीही तसाच शिकलो. पण आज जे समजतं ते असं की निव्वळ वितळलेल्या रसाचा प्रचंड हौद ही क्वचितची आणि अल्पकाळाची स्थिती. बहुतेक काळ तिथे असतात स्फटिक आणि त्यांच्या फटींमधला रस. गार होत आलेली साबुदाण्याची खीर डोळ्यांपुढे आणा : दाणे एकमेकांना टेकलेले, मधे थोडा पातळ भाग, पातेलं कललं तरी सगळं मिळून हलत नाही. निम्म्याच्या आसपास स्फटिक झाले की शिलारस असाच अडून बसतो. खालून तापलेला ताजा रस आला की काही दाणे विरघळतात, पुन्हा पातळ होतं आणि मग उद्रेकाची शक्यता. ते गोल झिजलेले कोपरे या प्रसंगाचीच खूण.

प्लॅजिओक्लेजच इतका का साचला यालाही कारण आहे. ऑलिव्हिनसारखी जड खनिजं घनतेने ३.३ च्या घरात, ती रसात बुडतात. प्लॅजिओक्लेजची घनता २.७ च्या आसपास, आणि बेसॉल्टच्या रसाचीही जवळपास तेवढीच. म्हणून तो तळाला जात नाही. तरंगत राहतो किंवा छताशी जमतो. बराच काळ उद्रेक न होता शांत गेला की त्याचा साठा वाढतो, आणि पुढचा उद्रेक तो सगळा घेऊन बाहेर येतो. जीपीबी थर अनेकदा एका गटाच्या शेवटी सापडतात, ते या शांततेमुळे, असं जुनं मत आहे. मला ते पटतं.

असे साठे एक नव्हे, अनेक होते, वरच्या कवचात काही किलोमीटर खोल. आता ते गोठलेले आहेत. मुंबईच्या किनाऱ्याजवळ गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा जास्त भरतं. खाली गोठलेला जड खडक असल्याची ती मोठी खूण मानतात. रस ज्या भेगांतून वर चढला त्या भेगांतला खडक भिंतीसारखा उभा राहिलेला धुळे-नंदुरबारकडे, नाशिक-पुण्याकडे आणि कोकण किनाऱ्याला ठिकठिकाणी दिसतो. मुलांना अशी एखादी भिंत दाखवा, फुग्यापेक्षा ती खरी.

साडेसहा कोटी वर्षांत त्या साठ्यांची उष्णता केव्हाच निघून गेली. वज्रेश्वरी, उन्हवरे इथले झरे तापतात ते पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरून, तिथल्या नेहमीच्याच उष्णतेने तापून वर येतं म्हणून. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयाशी जोडला जातो. शिलारसाचा त्यात हात नाही.

प्रश्न : साडेसहा कोटी वर्षं हा आकडा स्फटिकातूनच काढला का? आणि डायनासोर यानेच मेले का?
(एक विद्यार्थी, नागपूर)

हो, स्फटिकांतूनच, पण दोन वेगळ्या. पहिला हाच प्लॅजिओक्लेज. त्यात थोडं पोटॅशियम असतं, त्यातला एक किरणोत्सारी प्रकार सावकाश आर्गॉन वायूत बदलतो आणि वायू स्फटिकात अडकून राहतो. आर्गॉन मोजायचा, वय काढायचं. पोटॅशियम फार कमी असल्याने काम किचकट आहे.

दुसरा झिरकॉन. बेसॉल्टमध्ये तो जवळजवळ नसतोच. पण घाटात दोन काळ्या थरांच्या मधे तांबड्या मातीची रेघ दिसते ना, त्या मातीत दुसरीकडून उडत आलेल्या ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉन सापडतात. त्यांतल्या युरेनियमचं सावकाश शिसं बनत जातं, त्यावरून वय निघतं. खालचा आणि वरचा लाव्हा या दोन्हींच्या मधला काळ असा धरता येतो. २०१५ मध्ये या पद्धतीने दाखवलं की मुख्य उद्रेक डायनासोर नाहीसे होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षं चालला. २०१९ मध्ये झिरकॉनवाले आणि आर्गॉनवाले यांचे दोन निबंध एकाच वेळी आले. एकूण कालावधी दहा लाख वर्षांच्या आत, यावर दोघांचं जमलं. कोणत्या टप्प्यात किती रस बाहेर पडला, यावर बिनसलं. मेक्सिकोच्या चिक्शुलूबला आदळलेली उल्का याच काळातली, त्यामुळे दोष कुणाचा किती, हे भांडण चालू आहे. तुमच्या सीताबर्डीची टेकडीही याच दख्खनच्या लाव्हाची आहे, येता-जाता तिच्याकडे बघ.

प्रश्न : हे सगळं घरी बघता येईल का? माझ्याकडे शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक आहे.
(एक हौशी वाचक, कोल्हापूर)

काही प्रमाणात. मायक्रोप्रोब घरी येणार नाही, पण पोलरॉइडची फिल्म स्वस्तात मिळते. एक तुकडा सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर, दुसरा डोळ्याच्या भिंगावर, आणि दोन्ही एकमेकांना आडवे असे लावले की झालं. तयार काप विकत मिळतात. सुरुवात त्याने करा. स्वतः घासायची हौस असेल तर पाण्याखालीच घासा, कोरडं कधीच नाही, दगडाची धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही. तोंडाला मास्क बांधा आणि घासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, नळाची मोरी तुंबते. बादलीत साचू द्या, गाळ बसला की वरचं पाणी झाडांना घाला आणि गाळ कुंडीच्या तळाशी.

नमुना घेताना घाटातल्या वळणावर हातोडा चालवू नका. कसारा घाटात जीपीबी रस्त्याकडेला दिसतो, पण तिथे गाड्याही दिसतात. खाली पडलेल्या दगडांत हवं ते सापडतं. फोटो पाठवाल तेव्हा दगडाशेजारी नाणं ठेवा, ताजा फुटलेला भाग दाखवा आणि दगड कोणत्या गावाजवळ, विहिरीत की रस्त्याकडेला मिळाला ते लिहा. नुसता ‘हा दगड कोणता?’ असा फोटो आला तर उत्तर देणं अवघड होतं.